विश्वस्तांनी पेट्या मोजायच्या असतात

१४ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या इजिप्त एक्स्प्लोरेशन सोसायटीने एक निवेदन काढलं. भाषा अगदी सपक, सरकारी पत्रकासारखी. मजकूर साधारण असा: आमच्या मालकीचे तेरा तुकडे (बारा पपायरसचे, एक चर्मपत्राचा) वॉशिंग्टनच्या 'म्युझियम ऑफ द बायबल'च्या संग्रहात सापडले आहेत. ते आमच्या परवानगीशिवाय बाहेर गेले होते. त्या म्युझियमच्या विश्वस्तांनी आमची मालकी मान्य केली आहे आणि तुकडे परत येणार आहेत. पुढे तपासणी वाढत गेली तसा बेपत्ता तुकड्यांचा आकडा सुमारे १२० पर्यंत पोचला.

तेव्हापासून या प्रकरणावर मिळेल ते वाचत आलोय. सगळीकडे एकाच माणसाची चर्चा. ऑक्सफर्डचा नामवंत प्राध्यापक, अमेरिकेतला गडगंज खरेदीदार, दोघांमधला करार, पोलीस, कोर्ट... सिनेमाच निघावा. मला मात्र या थरारात एक प्रश्न कुठे धड विचारलेला दिसेना. तो संग्रह ज्यांच्या ताब्यात होता, ते विश्वस्त इतकी वर्षं काय करत होते?

आज त्याबद्दलच लिहायचंय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा :)

आधी संस्थेची ओळख. अमेलिया एडवर्ड्स नावाची इंग्रज कादंबरीकार बाई १८७३-७४ च्या हिवाळ्यात नाईलवरून बोटीने वर गेली. तिथल्या मंदिरांची पडझड आणि लुटालूट बघून ती इतकी हादरली की परतल्यावर कादंबऱ्या हळूहळू बाजूलाच पडल्या. मार्च १८८२ मध्ये तिने ब्रिटिश म्युझियममधल्या नाण्यांच्या विभागाचे प्रमुख रेजिनाल्ड स्टुअर्ट पूल यांच्या जोडीने 'इजिप्त एक्स्प्लोरेशन फंड' उभा केला. अध्यक्ष सर इरॅस्मस विल्सन, म्हणजे पदरचे पैसे घालून क्लिओपात्राची सुई लंडनला आणवणारे त्वचारोगतज्ज्ञ. लोकांकडून वर्गणी गोळा करायची, त्यातून शास्त्रशुद्ध उत्खनन करायचं, अहवाल छापायचे, अशी कल्पना. १९१९ मध्ये फंडाची सोसायटी झाली. हॉवर्ड कार्टर सतरा वर्षांचा पोरगा असताना १८९१ मध्ये इजिप्तला पहिल्यांदा गेला तो याच संस्थेच्या कामावर, भिंतींवरच्या चित्रांच्या नकला करायला. थोडक्यात, संस्था लहान पण कर्तबगारी मोठी. तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे आणि म्हणूनच हे लिहितोय.

पहिल्या दिवसापासून या संस्थेच्या मानेवर एक ओझं होतं. वर्गणी देणाऱ्यांपैकी पुष्कळांना इजिप्तपेक्षा बायबलमध्ये जास्त रस होता. इस्रायलचे लोक कुठे वेठबिगारी करत होते, मोझेस कोणत्या वाटेने बाहेर पडला, हे जमिनीतून वर यावं अशी त्यांची अपेक्षा. संस्थेचा पहिला उत्खनक एदुआर नाव्हिल १८८३ मध्ये तेल-एल-मस्खूताला खणायला लागला, आणि बायबलमधलं पिथोम सापडल्याचं पुस्तक १८८५ मध्ये निघालंसुद्धा. पुढे त्या ओळखीवर भरपूर वाद झाले, पण तोवर वर्गणीदार खूश झाले होते. १८९७ च्या जानेवारीत ग्रेनफेल आणि हंट या दोन तरुणांना ऑक्सिरिंकसच्या (आजचं अल-बहनसा) उकिरड्यात येशूच्या वचनांचं एक पान मिळालं, तेव्हाही तेच. त्या एका पानाने इतकी खळबळ उडवली की त्याच वर्षी फंडाने ग्रीक-रोमन काळासाठी वेगळी शाखाच काढली.

यात पाप काही नाही. लोकांना ज्यात रस आहे त्यासाठीच ते पैसे देणार. पण आपल्या पेट्यांमधल्या कोणत्या चिटोऱ्यावर जगाची नजर आहे, हे या संस्थेच्या विश्वस्तांना निदान १८८३ पासून माहीत होतं. २०१० च्या सुमारास अमेरिकेत 'हॉबी लॉबी' या हस्तकला-सामानाच्या दुकानसाखळीच्या मालकांनी बायबलशी संबंधित हस्तलिखितं धडाक्याने विकत घ्यायला सुरुवात केली. तेव्हा आपल्या घरात काय आहे आणि बाहेर त्याला काय भाव आला आहे, हे कळायला पुरातत्त्वाची पदवी लागत नव्हती.

आता ती पेट्यांची गोष्ट. ग्रेनफेल आणि हंट यांनी १८९६-९७ मध्ये आणि मग १९०३ ते १९०७ अशा हंगामांत ऑक्सिरिंकसहून पाच लाखांच्या आसपास तुकडे इंग्लंडला पाठवले. सॅफोच्या कविता, हरवलेली नाटकं, शुभवर्तमानं, आणि त्याहून किती तरी जास्त म्हणजे पावत्या, करारपत्रं, तक्रारअर्ज, बापाने पोराला लिहिलेली पत्रं. माझ्या मते खरी श्रीमंती या दुसऱ्या ढिगात आहे, पण ते पुन्हा कधी तरी. हे तुकडे जुन्या कागदांत, त्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाचं गॅझेटही आलं, घडी घालून पत्र्याच्या डब्यांत ठेवले होते. पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, नंतर ऐंशीहून जास्त निघाले. सव्वाशे वर्षांत पाच हजारांहून थोडे अधिक मजकूर छापून झाले. म्हणजे ढोबळमानाने शेकडा एक!

काम कष्टाचं आहे, मान्य. एका नखाएवढ्या तुकड्यावर विद्वान माणसाचे महिने जातात. माझी तक्रार वेगाबद्दल नाहीच. तक्रार आहे ती उरलेल्या शेकडा नव्व्याण्णवबद्दल. ते संग्रहात होते, पण जगाला दिसत नव्हते. मुख्य संपादक मंडळी तुकडे निवडून अभ्यासकांना वाटून देणार, त्यांनी ते छापून येईपर्यंत गुपचूप वाचायचे, आणि बाहेरच्यांनी खंडाची वाट बघायची. हा रिवाज विद्वानांच्या सोयीचा आहे. आपला शोध दुसऱ्याने आधी छापू नये, एवढाच त्याचा अर्थ. पण विश्वस्ताच्या खुर्चीतून बघा. जी वस्तू फक्त पाच-सात जणांनाच माहीत आहे, ती गेली तर ओरडणार कोण?

मार्कच्या शुभवर्तमानाच्या तुकड्याचंच घ्या. २०१२ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या एका जाहीर वादविवादात सांगितलं गेलं की मार्कचा पहिल्या शतकातला तुकडा सापडला आहे. कुठे सापडला, कोणाकडे आहे, सगळं गुलदस्त्यात. सहा वर्षं जगभरचे अभ्यासक आणि हौशी लोक त्यावर तर्क लढवत बसले. २०१८ मध्ये तो ऑक्सिरिंकसच्या खंडात ५३४५ क्रमांकाने छापला गेला. काळ दुसरं शतक संपतानाचा किंवा तिसरं सुरू होतानाचा. म्हणजे पहिल्या शतकाची आवई फुसकीच ठरली. त्या तुकड्याची प्राथमिक नोंद १९८० च्या दशकात संस्थेनेच करून ठेवली होती. एक छायाचित्र आणि चार ओळी जगापुढे असत्या तर ती आवई एका दुपारीत संपली असती. २०१९ च्या जूनमध्ये २०१३ चा एक करार उजेडात आला. त्यात हॉबी लॉबीला विकायच्या वस्तूंमध्ये हाच तुकडा होता! प्रत्यक्षात तो संस्थेच्या ताब्यातून कधी हललाच नव्हता. ज्याची विक्री होते आहे ती वस्तू मालकाच्याच कपाटात, आणि मालकाला सौद्याचा पत्ता नाही, असा हा नमुना.

प्राध्यापक डर्क ऑबिंक यांचं नाव घेणं आता भाग आहे. ते ऑक्सिरिंकस खंडांच्या मुख्य संपादकांपैकी एक होते. २०१६ मध्ये संस्थेने त्यांची फेरनेमणूक केली नाही. संपादनाचं काम समाधानकारक नाही हे मुख्य कारण, आणि प्राचीन मजकुरांच्या बाजाराशी त्यांचा संबंध असल्याच्या शंका हे दुसरं, असं संस्थेनेच नंतर सांगितलं. तेरापैकी अकरा तुकडे त्यांनी हॉबी लॉबीला विकल्याचं म्युझियमने संस्थेला कळवलं, त्यातले बहुतेक २०१० मध्ये. २०२० मध्ये त्यांना अटक झाली, चौकशी चालू ठेवून सोडण्यात आलं. २०२१ मध्ये हॉबी लॉबीने त्यांच्यावर सुमारे ७० लाख डॉलरचा दावा लावला. चोरीचे आरोप त्यांनी साफ नाकारले आहेत. त्यांनी काय केलं, काय नाही, हे ठरवायला पोलीस आणि न्यायालयं आहेत. माझं भांडण त्यांच्याशी नाही.

माझं भांडण तारखांशी आहे. विक्री २०१०. शंका २०१६ पर्यंत. संग्रहात जायला बंदी २०१९ च्या जूनमध्ये. आणि ऑक्टोबरच्या त्या निवेदनात एक वाक्य आहे, ज्यावर कोणी फारसं थांबलं नाही: म्युझियमने पुरवलेल्या छायाचित्रांच्या मदतीने आम्ही हे तेरा तुकडे ओळखले. म्हणजे चोरीला गेलेला माल ज्याच्याकडे निघाला त्याने फोटो पाठवले, तेव्हा घरमालकाने कपाट उघडून पाहिलं. शंकेवरून माणसाला पदावरून दूर केलंत ना? मग त्याच आठवड्यात तो ज्या फोल्डरांवर काम करत होता ते एकेक करून मोजायला घेतले का? घेतले असते तर हे १२० तुकडे तेव्हाच कमी भरले असते. काही तुकड्यांबरोबर त्यांची कार्डं आणि छायाचित्रंही नाहीशी झाली होती. सुदैवाने दुसरीकडे ठेवलेल्या प्रतींमुळे ते ओळखता आले, असंही संस्था सांगते. सुदैवाने! विश्वस्तांच्या कारभारात हा शब्द यावा?

माझा आतेभाऊ स्वतः दोन ट्रस्टांवर आहे. त्याला हे सगळं सांगितलं तर तो उसळलाच. "अरे, फुकट काम करणारी माणसं ती. स्वतःची नोकरी सांभाळून मीटिंगला जातात. कपाटं मोजत बसायची का त्यांनी?"

हो दादा, मोजायची. स्वतः नाही तर कोणाकडून तरी, पण मोजून घ्यायची. विश्वस्त मानद असतो म्हणजे त्याला पगार नसतो. जबाबदारी नसते असा त्याचा अर्थ कोणी लावला? इंग्लंडचा धर्मादाय कायदाही तेच सांगतो: काम दुसऱ्यावर सोपवता येतं, जबाबदारी विश्वस्त मंडळाचीच राहते, आणि ती सगळ्यांची मिळून. तुझ्याच देवळात दानपेटी उघडताना काय करता? दोन-तीन विश्वस्त समोर बसतात, रक्कम मोजली जाते, सह्या होतात. पुजारीबुवांवर संशय म्हणून का ते? उलट, उद्या कोणी संशय घेतला तर बुवांना ताठ मानेने उभं राहता यावं म्हणून. ऑक्सफर्डमध्ये ती सह्यांची वही नीट असती तर निरपराध माणसाला आपलं निरपराधपण दाखवता आलं असतं, आणि अपराध्याला २०१० मध्येच घाम फुटला असता.

दुसरा युक्तिवाद जरा वरच्या पट्टीतला. विद्येच्या क्षेत्रात विश्वासावरच काम चालतं, नामवंत माणसाची झडती घेणं शोभत नाही, वगैरे. हे ऐकलं की मला अमेलियाबाईंचं मृत्युपत्र आठवतं. बाईंनी फंडाच्या समितीत दहा वर्षं काढली होती. फ्लिंडर्स पेट्रीसारखा, पै-पैचा हिशेब ठेवून स्वस्तात खणणारा माणूस समितीच्या ढिसाळ कारभाराला कंटाळून १८८६ मध्ये राजीनामा देऊन जाताना त्यांनी पाहिला होता. समितीवर वजन ब्रिटिश म्युझियमच्या मंडळींचं, आणि उत्खननातल्या चांगल्या वस्तू मिळाव्यात ही इच्छाही त्याच म्युझियमची. १८९२ मध्ये बाई गेल्या. त्यांनी इजिप्तविद्येचं इंग्लंडमधलं पहिलं अध्यासन लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला ठेवलं, कारण तिथे बायकांना पदवी मिळत होती. आणि अट घातली की ब्रिटिश म्युझियममध्ये नोकरीला असलेल्याला ते मिळणार नाही. चाळिशीच्या आतला उमेदवार हवा, अशीही अट होती. ते अध्यासन पेट्रीलाच मिळालं, आणि तसं व्हावं हीच त्यांची इच्छा होती. पण त्या अटीचा मला लागलेला अर्थ असा, की ज्यांचा वस्तूंत हितसंबंध आहे त्यांच्याच हाती देखरेख द्यायची नाही. ही गोष्ट विद्वानांच्या सहवासात दहा वर्षं घालवलेल्या बाईने शाईने लिहून ठेवली. तिच्याच संस्थेत सव्वाशे वर्षांनी संपादक, संशोधक आणि राखणदार ही तिन्ही कामं त्याच मूठभर माणसांकडे जमा झाली, आणि मंडळाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

समित्या तेव्हाही भांडखोर होत्या बरं का. पेट्री १८९६ मध्ये परत आला आणि १९०५ मध्ये पुन्हा निघून गेला. बॉस्टनच्या विल्यम विन्स्लो यांनी अमेरिकेत फंडासाठी ढिगाने वर्गणी जमवली होती. त्यांनी तर १९०३ मध्ये फंडाच्या कारभारावर पुस्तिकाच छापली. पण भांडणांच्या त्या गदारोळात लंडनच्या ऑफिसात एमिली पॅटर्सन नावाची बाई १८९२ पासून १९१९ पर्यंत चिटणीसपद सांभाळत होती. खणून निघालेलं कोणतं मडकं, कोणता मणी कोणत्या गावच्या म्युझियमला गेला, याच्या वाटपाच्या याद्या त्या काळच्या दप्तरात आहेत. आज संशोधकांनी त्या याद्या हातात घेऊन पंचवीसहून अधिक देशांतल्या शेकडो संस्थांमध्ये पांगलेल्या वस्तूंचा माग काढला आहे. टाक आणि दौतीच्या जमान्यात मडक्याचा पत्ता नोंदवता येत होता. २०१० मध्ये संगणक असून शुभवर्तमानाचा तुकडा जागेवर आहे की नाही, हे नऊ वर्षं कळलं नाही.

न्यायाने बोलायचं तर २०१९ मध्ये विश्वस्तांनी प्रकरण दाबलं नाही. निवेदनं काढली, पोलिसांत गेले, काय हरवलंय ते सांगितलं. अब्रू जाईल म्हणून गप्प बसणाऱ्या संस्था आपण पाहिल्या आहेत, त्यांच्यापुढे हे मोठंच. पण आग लागल्यावर बंब बोलावला म्हणून चुलीपाशी रॉकेल ठेवल्याचं विसरायचं का?

आणि या सगळ्यात इजिप्त कुठे आहे? फंड मार्च १८८२ मध्ये निघाला. त्याच वर्षी जुलैत ब्रिटिश आरमाराने अलेक्झांड्रियावर तोफा डागल्या आणि सप्टेंबरात देश ताब्यात घेतला. खणायचं त्यांच्या मातीत, खांद्यावरून टोपल्या वाहणार त्यांची माणसं, आणि ठरवणार लंडनची समिती. त्या काळच्या नियमांनी उत्खनकाला वाटा मिळत असे, आणि ऑक्सिरिंकसचे तुकडे त्या काळच्या परवानगीनेच बाहेर गेले. १९८३ च्या कायद्याने हे वाटे बंद झाले. जुनं सगळं परत करा, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. पण एक गंमत बघा. बायबल म्युझियमच्या मालकांकडे धड कागदपत्रं नसलेले पपायरसचे आणि हस्तलिखितांचे जे सुमारे ५,००० तुकडे होते, ते २०२१ च्या जानेवारीत कैरोला पोचले. आणि ज्यांचे कागद चोख होते, ते तेरा तुकडे इजिप्तकडे नव्हे, ऑक्सफर्डच्या संग्रहाकडे वळले. कायद्याने ते बरोबरच आहे. पण परदेशी संग्रह आपल्याकडेच ठेवताना वर्षानुवर्षं जे कारण पुढे केलं गेलं ते कायद्याचं नव्हतं. ते होतं, "आम्ही नीट सांभाळतो". कैरोच्या म्युझियममध्ये २०११ च्या जानेवारीत चोर शिरले तेव्हा हे कारण किती जणांनी किती जोरात ऐकवलं होतं! त्या वेळी ऑक्सफर्डच्या कपाटातलं काय काय आधीच अमेरिकेला विकलं गेलं होतं, हे आता आपल्याला माहीत आहे.

म्हणून विश्वस्तांकडे माझं मागणं एकच आणि अगदी रटाळ आहे. पाच लाख तुकड्यांचे फोटो. चांगले नसले तरी चालतील, कोणता तुकडा कोणत्या फोल्डरात आहे एवढं कळलं म्हणजे पुरे. ते सगळ्यांना बघता येतील असे ठेवा, अभ्यासकाच्या हक्काची काळजी नंतर करा. अल-बहनसाच्या शाळेतल्या पोरालाही आपल्या गावच्या उकिरड्यातून काय निघालं ते मोजता आलं पाहिजे. याला पैसे लागतील, माणसं लागतील, पुढचा खंड दोन वर्षं लांबेल. लांबू दे. रोमन काळातली एखाद्या धान्यवाल्याची थकलेली बाकी १९०७ पासून त्या घडीत वाट बघतेच आहे, तिला आणखी दोन वर्षांनी काही फरक पडणार नाही.